पाच हजार जणांना विचारून घेतलेला मिक्सर

चवथीला पंधरा दिवस उरले असताना आमच्या मिक्सरने प्राण सोडला. आवाज नाही, काही नाही. नुसता वास. आधी जळक्या रबराचा, मग जळक्या वार्निशाचा. मी तो पिशवीत घालून फोंड्याच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाही. मिक्सर उलटा करून नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वायंडिंग गेलं. करून देतो, पण अर्ध्या नव्याचे पैसे पडतील."

"मग कोणता घेऊ?"

"कोणताही घ्या. सगळे शेवटी माझ्याकडेच येतात."

मिक्सरविषयी पुढच्या पंधरवड्यात मी जेवढं काही वाचलं-ऐकलं, त्यातला सर्वात प्रामाणिक अभिप्राय हाच होता. पण तो फुकट मिळाला होता आणि त्याला तारे नव्हते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

ज्यांना गोव्याची चवथ ठाऊक नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. तुमच्याकडे गणपतीत मोदक करतात, आमच्याकडे खोबरं वाटतात. खतखत्याला खोबरं, मुगागाठीला खोबरं, आळसांद्याच्या तोणकाला खोबरं, आणि ज्याला वाटलेलं लागत नाही त्या नेवऱ्यांत आणि पातोळ्यांत खवलेलं. घरात वीस माणसं जमतात. आदोळीवर, म्हणजे खोबरं खवायच्या विळीवर, बसणाऱ्याची कंबर जाते, पण तो बिचारा माणूस असतो, संध्याकाळी बाम लावून उठतो. मिक्सर गेला की गेलाच. वाटायचा दगडी रगडो आहे, मागच्या पडवीत. त्यात सध्या तुळशीचं रोप आहे.

आईने पहिला मिक्सर घेतला त्या वेळचं संशोधन एका वाक्यात आटोपलं होतं: "वयल्या घरच्या काकीन घेतला, बरो चलता." वयली काकी म्हणजे पाच हजार लोकांची बेरीज. तिने घेतलेला कुकर वाडाभर झाला, तिने सोडलेला दूधवाला वाडाभर सुटला. आणि काकीचं वाटण आई चाखत होती, तेव्हा पुरावाही रोज ताटात.

तशी आपल्याकडे मिक्सरची गोष्टच मुळात एका गृहिणीच्या तक्रारीतून सुरू होते. 1963 साली माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर बिघडला. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी आपल्या वाटणघाटणाला पुरेल असा दणकट मिक्सर बनवला, तोच पुढे 'सुमीत' म्हणून घरोघर गेला. "अहो, बघा तरी काहीतरी" असं बायकोने म्हटल्यावर माथुरांनी मोटर उघडली. मी फोन उघडला.

रात्री साडेनऊला उघडला, पहाटे दोनला मिटला.

पहिलाच मिक्सर 750 वॅटचा, तीन भांड्यांचा, चार पूर्णांक तीन ताऱ्यांचा. खाली पाच हजारांवर लोकांचे अभिप्राय. मला भरून आलं. एवढी माणसं माझ्यासाठी झटली! मग वाचायला लागलो.

'आत्ताच मिळाला. अजून उघडला नाही. पॅकिंग उत्तम.' पाच तारे.

'पार्सलवाला मुलगा चौथ्या मजल्यावर यायला तयार नव्हता.' एक तारा.

'मिस्टरांना आवडला.' तीन तारे. हे तीन मिक्सरला की मिस्टरांना, हे मी पुन्हा पुन्हा वाचूनही समजलं नाही.

एकाने फोटो टाकला होता. फोटोत खोकं, फरशी आणि त्याचे स्वतःचे पाय. मिक्सर खोक्यातच. आणखी खाली गेलो तर एक बाई लिहितात, 'कापड मऊ आहे, दोनदा धुतलं तरी रंग गेला नाही.' मला वाटलं झोप अनावर झाली. पण नाही, काही विक्रेत्यांची ती युक्तीच असते असं कळलं. जुन्या, भरपूर तारे मिळालेल्या मालाच्या पानावर गुपचूप नवा माल आणून बसवायचा. कमाई चादरीची, वारस मिक्सर.

प्रश्न विचारायचीही सोय असते. मी विचारला: 'यात ओलं खोबरं गंधासारखं वाटलं जातं का?' दोन दिवसांत चार उत्तरं आली. 'हो.' 'नाही.' 'माहीत नाही, मी बहिणीला भेट दिला.' आणि चौथं, 'आमच्याकडे खोबरं खात नाहीत.' या चौथ्या गृहस्थाविषयी मला अजून कुतूहल आहे. ज्या माणसाचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, त्याने वेळ काढून, मोबाईल हातात घेऊन, ही बातमी मला का कळवली असेल?

पण खरी मेख त्याच्याच उत्तरात होती, मला ती उशिरा दिसली. जो तो आपापल्या स्वयंपाकघराला तारे देत होता. कुणी लस्सी घुसळून पाच दिले, कुणी पुदिन्याची चटणी करून चार. भिजवलेल्या मिरच्या, धणे, हळद आणि दोन नारळांचं खोबरं घालून झाकणावर तळहात दाबून उभा राहिलेला माणूस त्या पाच हजारांत मला एकही सापडला नाही. तो बहुधा वाटत असावा. लिहायला वेळ कुणाला?

दुसऱ्या दिवशी मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. ही चूक शहाण्या माणसाने करू नये. आमच्या घरात बोलणं कोंकणीत, लिहिणं मराठीत आणि भांडण दोन्हीत चालतं. ग्रुपवर तिन्ही सुरू झालं. बेळगावच्या आत्याने सांगितलं, अमुक कंपनीचाच घे. वहिनीने सांगितलं, अमुक सोडून कुठलाही घे. मडगावच्या काकांनी सुप्रभात पाठवलं.

मेहुणा वास्कोला असतो. तो टूथब्रशसुद्धा तक्ता केल्याशिवाय घेत नाही. त्याने सात मिक्सर आणि अकरा रकाने असलेला तक्ता पाठवला आणि मग फोन केला. "भावोजी, पाच तारेवाला घेऊ नका हां. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने 2017 साली दाखवलंय. चार ते चार पूर्णांक सातपर्यंत लोक भराभर घेतात. पाचाच्या जवळ गेलं की उलट कचरतात."

यासाठी अमेरिकेत कशाला जायला हवं होतं? आमच्या आजीला विचारलं असतं तरी चाललं असतं. मुलगा देखणा, निर्व्यसनी, सरकारी नोकरी, स्वतःचं माडा-पोफळींचं कुळागर, आणि वय छत्तीस? "मागीर लग्न कित्याक जावंक ना?" मग लग्न का झालं नाही, हा तिचा प्रश्न असे. एखादी बारीक खोट, थोडी टक्कल पडलेली, किंचित तापट, अशी बाहेर आली की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि बोलणी पुढे जायची. फरक इतकाच की आजी चौकशीला मुलाच्या नातेवाइकांकडे जात नसे. त्याच्या गावातल्या दुकानदाराकडे जायची, जिथे उधारीची वही असते.

खोट्या अभिप्रायांचं काय, हेही मी मेहुण्याला विचारलं. तर त्यालाही मानक आहे म्हणाला. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 : 2022 काढलं. अभिप्राय लिहिणारा माणूस खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे ईमेलने, फोनने, एसएमएसने कसं तपासावं ते त्यात दिलंय. मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "पण ऐच्छिक आहे." गोव्यात आम्ही हेल्मेटकडेही बरीच वर्षं असंच बघत आलो, त्यामुळे मला पुढे सांगावं लागलं नाही.

ताऱ्यांना हसणं मला सोपं आहे, कारण माझं पोट त्यांच्यावर नाही. माझ्या मावसभावाचं आहे. त्याने पेडण्यात घरामागे दोन खोल्या बांधून पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. पहिल्या पाहुण्याने लिहिलं, 'जागा सुंदर, माणसं प्रेमळ, पण पहाटे साडेचारला कोंबडा आरवतो.' दोन तारे. कोंबडा शेजाऱ्याचा. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये सिएटलच्या खाणावळींवर अभ्यास करून दाखवलं होतं की येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं, आणि हा परिणाम एकट्यादुकट्या मालकाच्या खाणावळींना होतो, साखळीवाल्यांना नाही. मावसभावाने लुकांचं नावही ऐकलेलं नाही, पण त्या रात्री तो झोपला नव्हता. आठवड्याने शेजाऱ्याशी काही आर्थिक बोलणी झाली आणि पुढच्या पाहुण्याने पाच तारे देऊन लिहिलं, 'घरगुती चिकन शागोती अप्रतिम.'

असो. मिक्सर.

शेवटी मी तो पहिलाच, चार पूर्णांक तीनवाला मागवला. पंधरवड्यातले नऊ दिवस वाचनात गेल्यावर माणूस पहिल्यावरच परत येतो. पार्सलवाल्याचा फोन तीनदा आला, कारण आमच्या पत्त्यात 'देवळाच्या मागे' आहे आणि वाड्यावर देवळं चार. बायकोने छत्री घेऊन रस्त्यावर उभं राहून त्याला आत आणलं.

खोकं उघडलं. पॅकिंग खरोखरच उत्तम होतं. वर एक गुळगुळीत कार्ड: 'पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, दीडशे रुपये मिळवा.' पाच हजारांतल्या बऱ्याच जणांचा हिशेब तिथल्या तिथे लागला.

पहिलं वाटप मी स्वतः लावलं. दोन नारळांचं खोबरं, वर मिरच्या, वर धणे, भांडं गळ्यापर्यंत. बटण फिरवलं. मिक्सर ओरडला, ओट्यावर इंचभर सरकला आणि गप्प झाला. बुडाखाली लाल बटण असतं, मोटरवर जास्त भार आला की ते बाहेर येतं. दाबलं. पुन्हा लावलं. पुन्हा बाहेर. चौथ्या खेपेला पाती खाली मोकळी फिरायला लागली आणि खोबरं भिंतीला चिकटून तमाशा बघत राहिलं.

आई दारात उभी होती. तिने झाकण काढलं, चिमूटभर वाटप उचललं आणि अंगठा आणि तर्जनीत घासलं. नोटा मोजणारा माणूस बोटं चालवतो, तसं. आमच्या घरातली ही शेवटची प्रयोगशाळा.

"रेंव," ती म्हणाली. वाळू.

"आई, चार पूर्णांक तीन तारे आहेत त्याला."

"कोणाक विचारून हाडलो?"

"पाच हजार जणांना विचारलं."

"पांच हजार जाणांक विचारलें," ती बोटं धूत म्हणाली, "आनी म्हाका विचारूंक ना."

यावर आयएस 19000 मध्ये काही नाही.

मग तिने पदर खोचला. अर्धं भांडं रिकामं केलं. आधी भिजलेल्या मिरच्या आणि धणे, घोटभर कोमट पाणी, थांबत थांबत. ते बारीक झाल्यावर मूठ-मूठ खोबरं. मध्ये एकदा बंद करून उलथन्याने कडा खरवडल्या. मिक्सरचा आवाज हळूहळू खाली आला, आधी किंचाळत होता तो घुमायला लागला. आई त्याच्याकडे बघतही नव्हती, नुसती ऐकत होती, आणि एका क्षणी, मला काहीही फरक कळला नसताना, तिने बटण मागे फिरवलं. बोटांत घासून पाहिलं.

"चलता."

मिक्सर वाईट नव्हता. एक तारा कुणाला द्यायचा तर मला द्यायला हवा होता, पण माझं पान कुठे उघडत नाही.

रात्री मी ते गुळगुळीत कार्ड पुन्हा वाचलं. दीडशे रुपये म्हणजे चवथीच्या आठवड्यातले तीन-चार नारळ. मी बराच वेळ विचार केला. मिक्सर खोबरं वाटतो हे लिहावं, तर खरं श्रेय आईचं. वाटत नाही लिहावं, तर खोटं. ज्याच्याबद्दल कुणी मला कोर्टात खेचू शकणार नाही असं एकच वाक्य सापडलं. पाच तारे दिले आणि लिहिलं, 'पॅकिंग उत्तम.'

ग्रुपवर सगळे वाट बघतच होते. 'कसा आहे मिक्सर?' मी लिहिलं, 'बरो आसा.' आता हे दोन शब्द आमच्याकडे इस्पितळातून घरी आलेला माणूसही म्हणतो आणि लॉटरी लागलेलाही. त्यातून काहीही निष्पन्न होऊ नये अशीच त्यांची रचना आहे. तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहिनीने एक मागवला, बेळगावच्या आत्याने एक, आणि अकरा रकानेवाल्या मेहुण्याने तक्ता बाजूला ठेवून एक. "भावोजी, तुम्ही वापरताय म्हटल्यावर बघायचं काय?"

काल आत्याचा आला. आज सकाळपासून तिचे चार मिस्ड कॉल आहेत आणि एक फोटो. फोटोत लाल बटण. पाचवा फोन आत्ता वाजतोय. मी आईला खुणेने सांगितलंय, सांग तो कुळागरात माडांना खत घालायला गेलाय.

रात्रीचे पावणेदहा वाजलेत, आणि बाहेर धो धो पाऊस आहे.