आरशातला माणूस आणि आपलं एकच ठरलेलं उत्तर

विज्ञानकथेबद्दल काहीही विचारा, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं, "नारळीकर!" पुस्तकाचं नाव आठवत नाही? नारळीकरांचंच असणार. यंत्रमानव होता? मग 'वामन परत न आला'. माझ्या गोष्टीतला माणूस आरशातल्यासारखा उलटा होतो, म्हणून माझ्या वाट्याला दर वेळी नारळीकरांची तशीच गोष्ट येते, 'उजव्या सोंडेचा गणपती'. गोष्ट झकास आहे, पण मी शोधतेय ती ती नव्हे.

मी शोधतेय ती एक कादंबरी, शाळेत असताना सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेली. त्या लायब्रऱ्यांची पुस्तकं ज्यांनी हाताळलीत त्यांना सांगायला नको. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर, मुखपृष्ठ आणि शीर्षकाचं पान बांधणाऱ्याने उडवलेलं, शेवटची पानं कुणीतरी लंपास केलेली. म्हणजे नाव, लेखक आणि शेवट, तिन्हींच्या नावाने शंख.

मधलं मात्र लख्ख आठवतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रात अपघात होतो, नायक धडधाकट घरी येतो आणि बायको दारातच थबकते. भांग दुसऱ्या बाजूला! गालावरचा तीळही पलीकडे गेलेला. तो खिशातून रुपया काढतो, तर त्यावरची अक्षरं उलटी. पेपर आरशासमोर धरावा तेव्हा वाचता येतो. इथवर गंमत चालते, मग तो वाळायला लागतो. बायको समोर बसून जेवू घालते, वरणभात, तूप, वर केळं, आणि तरी गडी दिवसेंदिवस खंगत जातो. त्या पानांनंतर मी कितीतरी दिवस ताटाकडे संशयाने बघत होते.

त्यामागचं विज्ञान कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळलं. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि आपण पचवतो ते ग्लुकोज उजव्या घडणीचं. माणूसच आरशातल्यासारखा उलटा झाला तर त्याची विकरंही (अन्न पचवणारी एन्झाइम्स) उलटी होतात, आणि डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसू नये तसं अन्न त्यांच्यात बसत नाही. स्फटिकांमधला हा डावा-उजवा भेद लुई पाश्चरने १८४८ सालीच दाखवून दिला होता. (पुदिना आणि बाळंतशेपा यांच्या वासात कार्व्होन नावाचं एकच द्रव्य असतं, फक्त एकमेकांच्या आरशातल्या रूपात. म्हणजे त्या बिचाऱ्याला पुदिन्याच्या चटणीत शेपेचा वास आला असता. हे आमच्या लेखकाला सुचलं नाही, किंवा ते पान फाटलेलं होतं.)

मग मागोवा काढत इंग्रजीकडे गेले. एच. जी. वेल्सने १८९६ मध्येच असा माणूस लिहून ठेवलाय, हृदय उजवीकडे गेलेला. आणि आर्थर क्लार्कची १९४६ची एक कथा आहे, 'टेक्निकल एरर'. वीजकेंद्रातला एक इंजिनिअर अपघातात उलटा होतो आणि जेवूनखाऊन उपाशी राहतो. वाचताना अंगावर काटा आला. माझी कादंबरी बहुधा याच कथेचं ऐसपैस मराठी रूपांतर असावी.

रूपांतराबद्दल माझी काही तक्रार नाही. आपल्याकडे विज्ञानकथा आली तीच मुळात त्या वाटेने. 'केरळकोकिळ' मासिकात १९०० साली फ्रेंच लेखक ज्युल व्हर्नची 'चंद्रलोकची सफर' मराठीत येत होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न पोरांच्या हातात दिला. पण व्हर्नचं नाव टिकलं, भागवतांचं टिकलं. लायब्ररीसाठी भराभर लिहिणाऱ्या कुणा लेखकाने क्लार्कच्या इंजिनिअरला मराठी बायको दिली, वरणभात दिला, त्याचं नाव कोण लक्षात ठेवणार?

आता माझं खरं भांडण. आपण एका थोर माणसाच्या नावात अख्खा साहित्यप्रकार कोंबून बसलोय. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर ही विज्ञानकथाकारांची नावं सांगायला निदान काही वाचक तरी उरलेत. नारायण धारपांनी भुताखेतांखेरीज विज्ञानकथाही लिहिल्या, हे ऐकून लोक चकित होतात. त्यापलीकडे सगळा अंधार. गंमत म्हणजे मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत खुद्द जयंत विष्णू नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. नाव बघून कुणी निकाल देऊ नये एवढ्यासाठी ज्या माणसाने हा खटाटोप केला, त्याचंच नाव आपण गोष्ट न ऐकता फेकतो!

वाचनालयात विचारून झालं. दाखल नोंदवहीत क्रमांक, नाव, लेखक, किंमत. 'नवरा उलटा होतो' असा रकाना नसतो. तिथले काका सज्जन, म्हणाले, "ताई, लेखक सांगा, दोन मिनिटांत काढून देतो." लेखक माहीत असता तर आले असते कशाला? आणि जीर्ण म्हणून बाद केलेली पुस्तकं कधीच रद्दीत गेली.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर बंद पडलेल्या लायब्ररीचे गठ्ठे पडलेत, त्यांना विनंती. पाठीवरचा नंबर बघू नका, आतली पानं चाळा. बायको भांगावरून नवऱ्याला पकडते का, आणि रुपया उलटा निघतो का, एवढंच बघा. निघाला तर फोटो टाका, आणि शेवटची पानं शाबूत असतील तर आधी त्यांचा टाका. तो माणूस पुन्हा त्या यंत्रात गेला की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.