वरची पास, खालची नापास

कवळी ही एक वस्तू आहे, असा समज ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांचा असतो. प्रत्यक्षात त्या दोन असतात आणि दोघींचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ.

वरची सालस. टाळूभर पसरून बसते, मधे लाळेचा पातळ थर, आणि तेवढ्यावर दिवसभर जागा सोडत नाही. टाळू झाकल्यामुळे चहा किती कढत होता हे तो घशाशी गेल्यावर कळतं, पण तेवढं चालायचंच. खालचीला टेकायला टाळूच नाही. हिरडीचा अरुंद बांध, आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल दाबतात. जांभई दिली की उठते, हसलो की उठते. शिंक येणारसं वाटलं की माझा हात आधी तोंडावर जातो. लोक त्याला संस्कार समजतात. त्यात दात गेले की जबड्याचं हाड झिजू लागतं, आणि तेही खालचं जास्त. म्हणजे सदरा मापाने शिवलेला, पण अंगच आटत चाललंय.

दातही पुरे 32 नसतात. मोजा, 28 भरतील. अक्कलदाढा कवळीत बसवतच नाहीत. ही माहिती घरी सांगितल्यापासून मी कुठलंही मत मांडलं की बायको म्हणते, "जाऊ द्या हो, तुमच्यात बसवलेल्या नाहीत ना!"

डॉक्टरांच्या सूचना भरपूर. पुढच्या दातांनी तोडू नका, मागून कवळी सुटते. घास दोन्ही बाजूंना वाटून चावा. मोठ्याने पेपर वाचा, उच्चार सुधारतील. मी रोज अग्रलेख वाचतो, तरी सोसायटीच्या सभेत "सचिवसाहेब, शिल्लक सांगा" म्हणताना अशी शिट्टी गेली की मागच्या रांगेने निषेध समजून टाळ्या वाजवल्या. आणि संक्रांत! तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतात. तो एक तीळ कवळीखाली शिरला की माणूस काय बोलतो ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नसतं.

अशात डेंटल कॉलेजातली एक शिकाऊ मुलगी फॉर्म घेऊन आली. 'कवळीबाबत आपण समाधानी आहात का?' पुढे पाच चौकटी. मी वरचीसाठी पहिलीवर खूण केली, खालचीसाठी शेवटचीवर.

"काका, उत्तर एकच द्यायचं. कॉम्प्युटर दोन घेत नाही."

"मग सरासरी काढ बाळा."

तिने मधल्या चौकटीत खूण केली. तिथं लिहिलं होतं, 'तटस्थ'. आयुष्यभर मी कुठल्याच बाबतीत तटस्थ नव्हतो.

शेजारी आमच्या कट्ट्यावरचे बापू. त्यांनी एका क्षणात 'अत्यंत समाधानी'वर खूण करून पेन टोपणात घातलं. मला वाटलं, यांना कोणता डॉक्टर भेटला? पत्ता विचारायचा म्हणून त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेलो. मिसळ आली. बापूंनी इकडेतिकडे न बघता दोन्ही कवळ्या काढल्या, रुमालात गुंडाळून खिशात टाकल्या आणि म्हणाले, "हं, आता कांदा घाल."