रेशमी साडी उकळून जखमेवर बांधू नका, तो मेसेज चुकीचा आहे

"शास्त्रज्ञ आता रेशमापासून किडनी प्रिंट करतात, रेशीम शंभर टक्के नैसर्गिक म्हणून शरीर ते कधीच नाकारत नाही, शुगरवाल्यांनी जुन्या रेशमी साडीचा तुकडा उकळून जखमेवर बांधावा, डॉक्टर हे लपवतात." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. काल मामींनी मामांच्या पायाच्या जखमेसाठी खरंच लग्नातला शालू बाहेर काढला, म्हणून लिहितोय.

आधी साडीचंच घेतो, कारण यात माणसाचा पाय जाऊ शकतो. लॅबमध्ये वापरतात ते कापड नाही, रेशीमकिड्याच्या कोषातलं फायब्रॉइन नावाचं प्रोटीन. ते कसं काढायचं हे अमेरिकेतल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या डेव्हिड कॅप्लान यांच्या ग्रुपने 2011 मध्ये 'नेचर प्रोटोकॉल्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात सविस्तर छापलंय. कोष कापून सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात अर्धा तास उकळायचे, म्हणजे वरचा सेरिसिनचा चिकटा निघतो, मग धुऊन, वाळवून लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात 60 डिग्रीला 4 तास ठेवून धागा विरघळवायचा, आणि मग ते लिथियम ब्रोमाइड काढून टाकायला दोनेक दिवस पाणी बदलत राहायचं. एवढं झालं की हातात येतं ते पातळ द्रावण, आणि जखमेवर वापरायचं तर ते निर्जंतुकही करावं लागतं. आपल्या पातेल्यात यातलं काय होणार आहे? साडी कितीही उकळा, साडीच राहते, तिचा रंग, खळ, जरीच्या तारा सगळं तसंच जखमेवर जाणार. त्यात शुगरने पायाची संवेदना गेलेली असेल तर आत पू झालेलाही कळत नाही, आणि कळतं तेव्हा बोट कापायची वेळ आलेली असते. ड्रेसिंग डॉक्टर सांगतील तेच करा, प्लीज.

"शरीर कधीच नाकारत नाही" हेही खोटं. पूर्वी रेशमी टाक्यांची काही पेशंटना ॲलर्जी यायची, त्याचा संशय सेरिसिनवर आहे आणि म्हणूनच तो आधी काढून टाकतात. आता एवढं मान्य करावं लागेल की शुद्ध केलेलं फायब्रॉइन शरीर बऱ्यापैकी सहन करतं, सर्जन रेशमी टाके कित्येक वर्षं घालतायत. पण "कधीच" कुठून आणलं?

किडनीचं म्हणाल तर 2018 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी फायब्रॉइनमध्ये केमिकल बदल करून प्रकाश पडला की घट्ट होणारी इंक बनवली आणि त्यातून कान, श्वासनलिका, अगदी हृदयाचेही आकार प्रिंट केले. आकार. तो काही धडधडत नाही. एका किडनीत 10 लाखाच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, असतात, प्रत्येकाला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या, ते आज कोणालाच प्रिंट करता येत नाही, रेशमातूनही नाही. घरात कोणी ट्रान्सप्लांटच्या यादीत असेल तर या मेसेजवर विसंबून नाव काढू नका.

आणि लपवतंय कोण? तो 2011 चा पेपर नेटवर फुकट वाचायला मिळतो. आपल्या पुण्यात एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, याच प्रोटीनपासून हाडातली पोकळी भरायचं मटेरियल बनवायचं काम झालंय, तेही उघडपणे.