आय सेव्हनच घ्या, साहेब!

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरमागच्या पोराने माझ्या हातातली नव्या कॉम्प्युटरच्या भागांची यादी घेतली, तिच्यावर नजरही न टाकता ती पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःची यादी लिहायला घेतली. लिहिता लिहिता विचारलं, "काका, मुलासाठी ना?"

'काका' एक वेळ चालवून घेऊ. केस पिकलेत, ते लपत नाहीत. पण केस पिकलेल्या माणसाने गेम खेळायचे नाहीत असा कायदा कधी झाला? दिवसा व्हिडिओ एडिटिंग आणि ढीगभर टॅब उघडलेला ब्राउझर, रात्री निवांत गेम, असा साधा हिशेब. यादीत प्रोसेसरपासून पंख्यांपर्यंत प्रत्येकाचा मॉडेल नंबर होता. ग्राफिक कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये होती, कारण कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही हे घरी आल्यावर कळून काही उपयोग नसतो. तो सगळा अभ्यास आता काचेला तोंड लावून पडला होता.

पोराची यादी अशी: आय सेव्हन, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक, पाचशे एसएसडी, गेमिंग कॅबिनेट. खाली दोनदा अधोरेखित केलेले बत्तीस हजार.

आय सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरांच्या अख्ख्या घराण्याचं नाव. आता नुसतं 'आय सेव्हन' सांगणं म्हणजे स्थळ सुचवताना 'मुलगा इंजिनिअर आहे' एवढंच सांगणं. कुठल्या साली पास झाला, सध्या काय करतो, असं विचारलं की मध्यस्थ चहा मागवतो. मी विचारलं, "कितव्या जनरेशनचा?"

"थर्ड. एकदम ओके कंडिशन."

थर्ड जनरेशन म्हणजे २०१२ सालचा माल. चार कोअर, म्हणजे काम करणारे चार मेंदू, आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळायची आठ कामं, आणि जुनी डीडीआर३ रॅम. २०२२ साली आलेल्या आय थ्री १२१०० मध्येही चार कोअर आणि आठच थ्रेड आहेत, आणि तो 'थ्री' या 'सेव्हन'ला आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा जुना आय सेव्हन बसतच नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. 'चार जीबी ग्राफिक'ची गोष्टही तीच. या भावात मिळतं ते बहुधा जीटी ७३०, आणि त्यावरची मेमरी बऱ्याचदा तीच मंद डीडीआर३. टाकी मोठी, नळ बारीक. मेमरी महत्त्वाची नाही असं नाही. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं, चिप तीच, आणि एडिटिंग करणाऱ्याने, नवे गेम खेळणाऱ्याने १६ चंच घ्यावं. पण आधी चिप बघायची आणि मग जीबी. दुकानात नेमकं उलटं चालतं.

हे मी त्या पोराला समजावत होतो आणि तो मोबाइल बघत होता. ऐकत होते ते शेजारचे गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रिंटरची कार्ट्रिज. कागदातून निळी शाई झिरपून त्यांच्या अंगठ्यावर उतरली होती, आणि तो अंगठा ज्या खोक्याला लागेल त्यावर सही करत होता.

"आय सेव्हनच घ्या, साहेब," ते म्हणाले. "आमच्या साडूंच्या ऑफिसात आहे. नोटाबंदीपासून एकदाही हँग नाही."

"काय काम करतात त्यावर?"

"करतात कुठे? ते रिटायर झाले. पण मशीन चालू आहे."

मी सांगितलं की मला एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर हवाय. गृहस्थांनी कार्ट्रिज या हातातून त्या हातात घेतली. आता दोन अंगठे निळे.

"एएमडी? तो तापतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे होता. मे महिन्यात खोलीत बसवत नव्हतं."

"कुठल्या सालची गोष्ट?"

"झाली असतील पंधरा-सोळा वर्षं. पण तापायचा."

मी शांतपणे सांगितलं, की हा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला आहे, पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो आणि ९५ अंशांपर्यंत चालेल असाच बनवलेला आहे. त्या वर जायला लागला तर स्वतःच वेग कमी करतो.

"पंच्याण्णव!" गृहस्थ पोराकडे वळले. "ऐकलंस? हे स्वतः सांगतायत. पंच्याण्णव अंश! पाणी उकळायला पाचच कमी!"

पोराने पहिल्यांदाच मोबाइलवरून मान वर केली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. माहिती देण्याचा हा एक तोटा असतो. ती कोणाच्या हातात पडेल ते सांगता येत नाही.

मग एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा, निघाला. माझ्या मते दुकानात वाद घालायची खरी जागा हीच, आणि नेमकं इथेच कोणी वाद घालत नाही, कारण एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फुकट' येतो. मी म्हटलं, फुकटचा नको. ६५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ द्या.

"८० प्लस?" गृहस्थ म्हणाले. "मग १०० का नाही घेत?"

हा प्रश्न दिसतो तितका वेडा नाही, कारण दुकानदारही तो शिक्का 'क्वालिटी' म्हणूनच विकतात. शिक्का फक्त एवढंच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते. ब्राँझमध्ये निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के. आत ३०० वॅट लागले तर मीटरवर साडेतीनशे पडतात, उरलेल्याची उष्णता होते. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर तो बंद होईल की धूर काढेल, याबद्दल शिक्का गप्प असतो.

फुकटच्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. तो आकडा सोडा, बाजूचं कोष्टक वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? १८ असतील तर १८ गुणिले १२, झाले २१६ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टमधूनच ओढतात. माझ्या यादीतलं कार्ड १८० चं, प्रोसेसर ८८ चा: २६८, आणि त्यात पंखे नाहीत, एसएसडी नाही. असलं मशीन एक्सेल दिवसभर सुखाने चालवतं आणि गेममध्ये मोठी लढाई सुरू झाली की टप्पकन बंद पडतं. दुकानात नेलं की 'विंडोज करप्ट झालंय' म्हणून फॉरमॅट मारून देतात, पाचशे रुपये घेतात. पुन्हा बंद पडलं की पुन्हा फॉरमॅट. लोकांचे फोटो गेले, हिशेब गेले, पण तो डबा कोणी बदलत नाही. याची गंमत वाटण्याचे दिवस माझ्यापुरते संपलेत.

गृहस्थांचं यावर म्हणणं, "साहेब, मशीनला हात लावला की थोडा करंट लागला पाहिजे. म्हणजे पॉवर आहे."

त्या झिणझिण्यांबद्दलही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे निम्म्या घरांत लोक त्या सोसतात. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, पण स्क्रूला बोट लागलं की मुंग्या येतात. उपाय कॉम्प्युटरच्या दुकानात नाही, इलेक्ट्रिशियनकडे आहे. पायात रबरी चप्पल घालणं हा उपाय नव्हे. यूपीएसचंही तसंच: ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही. बहुतेकांवर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेलं असतं, आणि मॉनिटरही त्यातच धरायचा. गेम चालू असताना लाइट गेली की हे गणित आपोआप कळतं.

रॅमच्या बाबतीत मात्र पोरगा खरं बोलत होता. "कालचा रेट आज नाही, काका." २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकलेत, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरांसाठी माल काढण्यात गुंतलेत. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात क्रुशिअल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

"एआय म्हणजे ते गप्पा मारणारं?" गृहस्थांनी विचारलं. "ते आपल्या रॅमवर चालतं?"

"आपल्याला मिळाली असती त्या रॅमवर चालतं."

"म्हणजे भाचा दिवसभर त्याच्याशी गप्पा मारतो, म्हणून तुमची रॅम महाग."

मी विचार केला आणि हो म्हणालो. दिवसभरातलं त्यांचं हे एकमेव बरोबर विधान.

भाव चढे असले की लोक एकच मोठी पट्टी घेतात आणि 'दुसरी नंतर टाकू' म्हणतात. प्रोसेसर दोन वाटांनी मेमरी वाचू शकतो, एका पट्टीने एक वाट बंद राहते आणि गेममध्ये ते जाणवतं. नंतरची पट्टी दुसऱ्या जातीची निघाली तर दोघींचं जमत नाही, ते वेगळंच. जोडीची घ्या. मदरबोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्स्पो हा रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारा पर्याय चालू करा. ते नाही केलं तर ६००० च्या वेगाचे पैसे मोजलेली रॅम मुकाट ४८०० वर चालत राहते. दुकानवाले हे करत नाहीत. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोजच्या सेटिंगमध्ये तो ६० वरच सोडून देतात. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचतात. ७६०० मध्ये स्वतःचं चिमुकलं ग्राफिक असल्यामुळे चित्र दिसतं, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि महागडं कार्ड आत शोभेला बसतं. त्याचा ग्राफिक नसलेला भाऊ ७५००एफ घेतला तर निदान पडदा काळा राहतो, चूक लगेच कळते. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लॅस्टिक न काढता कूलर बसवणारे महाभागही आहेत. मग ९५ अंश खरोखरच दिसतात आणि सेक्रेटरींच्या खोलीची आठवण येते.

"जोडताना मी समोर उभा राहीन," मी म्हणालो.

"काका, विश्वास नाही का?"

"नाही."

पोरगा दुखावला. मग धंद्याचा शेवटचा प्रश्न, आवाज खाली आणून: "बिल लागणार का? बिल लागलं तर अठरा टक्के वर."

पक्कं बिल, जीएसटीसकट, आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर. तीन वर्षांच्या वॉरंटीतलं कार्ड दुसऱ्या वर्षी गेलं तर सर्व्हिस सेंटरवाला आधी तो कागद मागतो. 'आम्ही बसलोय ना इथे' या वाक्याची वॉरंटी नसते. एवढं बोलून मी थांबलो, तर गृहस्थ हसायला लागले.

"बिल कशाला घेता साहेब? सरकारला फुकटचे पैसे. मी आयुष्यात कधी घेतलं नाही." आणि वर्तमानपत्र सोडून त्यांनी कार्ट्रिज काउंटरवर ठेवली. "हे बघ रे, गेल्या आठवड्यात इथेच रीफिल केलं. सगळं गळतंय. बदलून दे."

"बिल?" पोराने हात पुढे केला.

गृहस्थ त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि निळा अंगठा माझ्या बाहीवर ठेवत म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगा की याला. तुम्हाला यातलं कळतं."