"इतके मार्क असून आर्ट्स?"

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरका.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला दहावीला ब्याण्णव टक्के मिळाले. अकरावीच्या फॉर्मात तिने आर्ट्स भरलं. घरच्यांची काही हरकत नाही. हरकत आहे ती बाकीच्या सगळ्यांची. आज लिफ्टमध्ये एका काकांनी तिच्या आईला विचारलं, "इतके मार्क असून आर्ट्स?" स्वर असा, जणू घरात कोणी अंथरुणाला खिळलंय. आणि ती बिचारी आई घाईघाईने म्हणाली, "नाही, पुढे यूपीएससी करायचंय तिला."

साफ खोटं. पोरीला यूपीएससी नकोय, पुरातत्त्व शिकायचंय. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख बघून आल्यापासून वहीच्या मागच्या पानांवर ब्राह्मी अक्षरं गिरवत असते. पण कलेक्टर होण्याचं सोंग घेतल्याशिवाय आर्ट्सवाल्यांना आपल्याकडे तोंड वर करता येत नाही. फर्ग्युसन, रुईया, झेवियर्स इथे आर्ट्सला जायचं तर किती मार्क लागतात, हे त्या काकांना कोणीतरी सांगा. मी सांगणार होते, तेवढ्यात तिसरा मजला आला.

"चांगली लाइन" या दोन शब्दांची मला चीड आहे आणि त्याला कारण माझा दादा आहे.

दादा २००६ ला बारावी सायन्स झाला. मार्क बरे होते, पण त्याचा जीव मोटरींत. आमच्या खानापूर तालुक्यात उन्हाळा लागला की व्होल्टेज पडतं आणि विहिरीवरच्या मोटरी जळतात. शाळकरी वयापासून तो विट्यात एकाच्या दुकानात बसून वायंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरणं, बघायचा. त्याला आयटीआय करायचं होतं. मामा तेव्हा झेडपीत मास्तर. ते आमच्या वडिलांना, तात्यांना, म्हणाले, "दाजी, बारावी सायन्स झालेलं पोरगं आयटीआयला घालताय? डी.एड. करा. तीन वर्षं शिक्षणसेवक, तीन हजार मानधन, की पोरगं कायम. पगार, पेन्शन, आणि लग्नाला मुली रांगेत." डी.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, ही त्या वेळी चांगली लाइन होती. तालुक्यातालुक्यात डी.एड. कॉलेजं निघत होती. तात्यांनी ओढ्याकाठचं अर्धा एकर विकलं आणि मॅनेजमेंटच्या जागेचे पैसे भरले.

पुढचं तुमच्यातल्या निम्म्या लोकांना पाठ असेल. २०१० ला भरतीची सीईटी झाली, त्यात दादा थोडक्यात राहिला. मग भरतीच आटली. २०१३ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, तीही पास झाला. पास होऊन करायचं काय, जागाच नाहीत! भरतीची पुढची परीक्षा, अभियोग्यता चाचणी, थेट २०१७ च्या डिसेंबरात. तोवर दादा एका विनाअनुदानित शाळेत लागलेला, पगार शून्य. सरकारी अनुदानाचा वीस टक्क्यांचा टप्पा येईल, मग चाळीसचा येईल, या आशेवर वर्षं गेली. आझाद मैदानावर आंदोलनालाही जाऊन बसला. घर कशावर चाललं? शनिवार-रविवारी मोटरी भरून द्यायचा, त्यावर.

आता कोणी म्हणेल, दादाच्या आधीच्या बॅचच्या पोरांना नोकऱ्या लागल्याच की. लागल्या. हेडमास्तर होतील आता. बरं.

पण मला सांगा, चांगली लाइन चांगली राहते किती वर्षं? डी.एड. संपलं, मग जो तो मेकॅनिकल नाहीतर सिव्हिल. मग तिथल्या जागा ओस पडल्या, गावोगावची कॉलेजं बंद झाली. मेकॅनिकलची पोरं आयटीत जाऊन कोडिंग करू लागली. आता कॉम्प्युटर नाहीतर एआय, त्याखाली बोलायचंच नाही. मधे ऑफर लेटर हातात असलेली पोरं महिनोन्महिने जॉइनिंगची वाट बघत घरी बसली होती, ते विसरलात एवढ्यात? सल्ला देणाऱ्याला यातलं काही भोगावं लागत नाही. मामा आज निवृत्त आहेत, पेन्शन घेतात आणि माझ्या भाच्याला डॉक्टरकीची नीट परीक्षा दे म्हणून सांगतात.

सगळ्यात शहाणा सल्ला तर वेगळाच. "सायन्स घे, नंतर आर्ट्सला येता येतं. उलटं येत नाही." बहुतेक ठिकाणी तसंच आहे, खोटं नाही. पण ही दोन वर्षं म्हणजे फुकटचा वेटिंग रूम नाही हो. कॉलेजात नावापुरती हजेरी, दिवसभर क्लास, लाखांत फी. ज्या पोरीला वाचायचाय इतिहास, तिने इंटिग्रेशन घोकायचं, आणि ते जमलं नाही की स्वतःला ढ समजायचं. असे ढ ठरवलेले हुशार लोक मी ऑफिसात रोज बघते.

तात्यांवर मात्र मला रागावता येत नाही. माणूस चौथी शिकलेला. पोराने उन्हात राबू नये एवढंच त्यांना कळत होतं आणि त्यासाठी त्यांनी जमीन मोडली. पैशाचा प्रश्न खराच असतो. ज्याच्या घरात एकच कमावणारा आहे, त्याला मी "मन सांगेल ते कर" असं तोंड वर करून सांगणार नाही. पण आमच्या सोसायटीत तसं कोण आहे? प्रत्येकाच्या दारात दोन-दोन गाड्या! इथे पोटाची भीती नाहीये, इथे भीती आहे ती पुढच्या लग्नकार्यात "मुलगी काय करते?" या प्रश्नाची.

दादाला फोन केला होता मघाशी, हे सगळं सांगायला. त्याने अर्धवट ऐकलं. मागे ग्राइंडर चालू होता. म्हणाला, "अगं, शिकू दे की तिला. तुला काय करायचंय?" त्याला कुणाची सबमर्सिबल मोटर संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून द्यायची होती.

तर मुद्द्याचं. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेलं किंवा उत्खननावर काम केलेलं कोणी ओळखीत असेल तर इनबॉक्स करा. पोरीला खूप प्रश्न आहेत: बी.ए.ला कोणते विषय घ्यावेत, संस्कृत आत्ताच सुरू करावं का, साइटवर मुलींची राहायची सोय कशी असते. आणि पगाराचंही खरं खरं सांगा, तिची आई शेजारीच बसलेली असेल. "स्कोप काय" विचारणाऱ्या कमेंट मी उडवणार आहे.