शेवटी ग्रीस ते ग्रीसच!

विमानाच्या देखभालीत सुखाने नोकरी करायची असेल, तर मॅन्युअल फार मनावर घेऊ नका. ते लिहिणारा माणूस रात्री तीन वाजता शेपटीच्या पोकळीत मान वाकडी करून बसलेला नसतो. तुम्ही असता. तो आपला लिहून मोकळा होतो की अमुक स्पेसिफिकेशनचंच ग्रीस भरा. तुमच्या हातातल्या ग्रीस गनमध्ये मात्र आधीच्या शिफ्टने काय भरलंय ते देवाला ठाऊक. बोटावर घेऊन बघा. चिकट आहे? बुळबुळीत आहे? मग झालं तर. एका ग्रीसमध्ये तेल धरून ठेवायला विशिष्ट माती असते, दुसऱ्यात लिथियमचा साबण, आणि दोन्ही एकत्र आली की कधी कधी सगळा गोळा पातळ होऊन बेअरिंगमधून वाहून जातो. जाऊ दे ना. निपलभोवती (ग्रीस आत भरायच्या तोटीभोवती) बाहेरून चांगलं जाडसर लिंपून ठेवा, तपासणाऱ्याचं समाधान होतं.

हायड्रॉलिकचं, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमानाचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेचं, तर त्याहून सोपं आहे. एक द्रव लाल, दुसरा जांभळा. मंद उजेडात दोन्ही सारखेच दिसतात. लाल खनिज तेलासाठी बनवलेल्या सीलला (गळती रोखणाऱ्या रबरी भागाला) जांभळा फॉस्फेट एस्टर लागला की सील फुगतं आणि मऊ पडतं. उलट अदलाबदल केली तर दुसरं सील फुगतं. म्हणजे न्याय दोन्हीकडे सारखाच.

तुम्हाला वाटेल, इतक्या बारीकसारीक गोष्टींनी विमान पडतं थोडंच! तर ३१ जानेवारी २००० ला पॅसिफिक महासागरात कोसळलेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाबद्दल वाचा. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणारा एक लांब स्क्रू असतो आणि त्यावर फिरणारा एक नट. त्या नटाचे आटे झिजून झिजून संपले आणि विमानातली सगळीच्या सगळी ८८ माणसं गेली. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे शोभत नाही, पण आपण सल्ला द्यायला बसलोय), की त्या कंपनीने काही काळापूर्वी ग्रीसचा प्रकार बदलला होता. आधी लाल, मग हिरवं. तपासात अर्थातच या बदलाकडे बोटं गेली. दोन्ही ग्रीस मिसळली म्हणून झालं का? अहवालाने सांगितलं, नाही. दोष ना लालचा निघाला, ना हिरव्याचा. स्क्रूच्या ज्या भागावर नट फिरतो त्या भागावर कामाचं ग्रीस नव्हतंच, आणि निपलपासून आत जाणारी वाट सुकलेल्या ग्रीसच्या खडखडीत अवशेषांनी भरलेली होती. कागदावर वंगणाचं काम झालेलं होतं. तेव्हा आमच्या पहिल्या सल्ल्यात किंचित सुधारणा करून घ्या: कोणतं ग्रीस, याची काळजी करू नका. आत गेलं की नाही, याचीही करू नका. सही तेवढी ठसठशीत करा.

त्याच स्क्रूची आणखी एक शिकवण. नट किती झिजलाय हे त्याच्या हालचालीवरून मोजतात. मर्यादा ०.०४० इंच. १९९७ मध्ये मोजमाप नेमकं ०.०४० आलं आणि नट बदलायचं ठरलं. नंतरच्या एका शिफ्टने पुन्हा मोजलं, ०.०३३ आलं, नट तसाच राहिला. म्हणून आकडा आवडला नाही की पुन्हा मोजत चला. दोन आकड्यांत एवढा फरक का पडला, असला प्रश्न मात्र विचारू नका. त्याने शिफ्ट लांबते.

बोल्टच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा ठेवा. जुना बोल्ट चिमटीत धरायचा, स्टोअरमधला शेजारी धरायचा, जुळला की घ्यायचा. स्टोअरचा माणूस म्हणाला, "अहो, त्या काचेला हा नंबर लागत नाही," तर मान डोलवा आणि आपल्या मनाचं करा. १९९० च्या जून महिन्यात एका बीएसी वन-इलेव्हन विमानाच्या पुढच्या काचेला असेच ९० बोल्ट बसवले गेले. त्यातले ८४ व्यासाने ०.०२६ इंच बारीक होते, म्हणजे मिलिमीटरचे दोन तृतीयांशही नाही. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला आखूड. सतरा हजार फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर. केबिन क्रूने त्यांचे पाय धरून ठेवले म्हणून ते जगले. जुनेच बोल्ट जर मुळात चुकीचे असतील, तर त्यांच्याशी जुळणारा नवा बोल्ट बरोबर कसा असेल, असं एखादा शिकाऊ पोरगा विचारेल. त्याला चिंध्या धुवायला पाठवा.

ओ-रिंगबद्दल (तेल गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कडीबद्दल) एकच वाक्य: ती डबीत दिसली नाही तर "बसवलेलीच असेल" असं म्हणा. १९८३ मध्ये एका ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरना (तेलातला धातूचा चुरा पकडणाऱ्या भागांना) ती नव्हती, कामाच्या कार्डावर मात्र ते काम झाल्याची सही होती. तेल गळून समुद्रावर एकेक करत तिन्ही इंजिनं थांबली. आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू झालं म्हणून मायामीला उतरता आलं, १७२ जण सुखरूप. बघा, होतंच की निभावून!

आता खरं कौशल्याचं काम, ते म्हणजे स्नॅग, अर्थात विमानात आढळलेला दोष, नोंदवहीत लिहिणं. यात हात बसला की माणूस निवृत्तीपर्यंत निर्धास्त.

मुख्य नियम असा की वाचणाऱ्याला काहीही सापडता कामा नये. समजा तुम्हाला पोचा दिसला. अडाणी माणूस काय लिहील? "डावी बाजू, मागच्या दरवाजाच्या पुढे, अमुक फ्रेम, तमुक स्ट्रिंगर, लांबी ४० मिमी, रुंदी २५, खोली १.५, जवळच्या रिव्हेटपासून अंतर ३० मिमी, तडा नाही." हे असं लिहिलं की पुढचा माणूस सरळ तिथे जातो, फूटपट्टी लावतो, मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघतो आणि तुमचा पोचा दुरुस्त होऊन बसतो. त्यापेक्षा लिहा, "मागच्या बाजूला थोडा पोचा आढळला." थोडा म्हणजे किती ते वाचणाऱ्याने आपल्या स्वभावानुसार ठरवावं.

शब्दांच्या बाबतीत चोखंदळपणा नको. तडा, ओरखडा, खाच, पोचा, गंज, घासल्याची खूण, या सगळ्यांना मिळून "डॅमेज" म्हणा. ओरखड्याने पत्र्यावरचा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा संरक्षक थर ओलांडलाय का, हे पाहायला खाली वाकावं लागतं. जुना रंग आणि सीलंट खरवडताना धारदार हत्याराने पडलेल्या रेघेतूनच पुढे तडा निघतो, हे खरं आहे, पण रेघ ती रेघ. तिच्याभोवती खूण करायचीच असेल तर खिशातल्या शिसपेन्सिलीने करा. ग्राफाइट अ‍ॅल्युमिनियमवर राहिलं की तिथे गंज धरतो, म्हणजे जागा पुढच्या तपासणीत आपोआप सापडेल.

भाषेच्या बाबतीत काही मंडळी उगाच शिस्तीची असतात. युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात मॅन्युअलसाठी एक वेगळी सोपी इंग्रजीच करून ठेवली: शब्दाला शक्यतो एकच अर्थ, सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द. त्यात "ऑइल" हे फक्त नाम, क्रियापद म्हणून वापरायला बंदी! का, तर वाचणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून. आपल्याला तर घोळच हवाय. "गळती किरकोळ वाटते", "आवाज येत असल्यासारखा", "जमिनीवर तपासलं, दोष आढळला नाही." हे शेवटचं तर पाठच करा. वैमानिकाने ३५ हजार फुटांवर, उणे पन्नास अंशांत ऐकलेली थरथर उबदार हँगरमध्ये उभ्या विमानात ऐकू आली नाही, तर ती खोटीच.

प्रवाशांचंही दडपण नको. १९८८ मध्ये हवाई बेटांवर एका बोइंग ७३७ मध्ये चढताना एका प्रवाशाला दरवाजाजवळ पत्र्यात तडा दिसला होता. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. थोड्याच वेळात उडत्या विमानाचं पुढचं छप्पर गेलं आणि एका हवाई सुंदरीचा जीव गेला. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती.

आणि रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या) मागे काळी रेघ दिसली, धुराचा फराटा ओढावा तशी, तर? रिव्हेट सैल झालाय, पत्र्यावर घासतोय आणि अ‍ॅल्युमिनियमची काळी भुकटी वाऱ्याने मागे ओढली जातेय, असं जुने लोक सांगतात. तुम्ही चिंधीवर थोडं सॉल्व्हंट घ्या आणि रेघ पुसा. पत्रा स्वच्छ निघेल. हातातली बॅटरी विझवा, शिडीवरून उतरा आणि कार्डावर लिहा: "भाग साफ केला. समाधानकारक." काही उड्डाणांनी रेघ पुन्हा उमटेल, तेव्हा शिडीवर दुसरा कोणीतरी असेल आणि त्याच्याही खिशात चिंधी असेलच.