साइन तीस बरोबर उणे काहीतरी

गणिताचं प्रॅक्टिकल असतं, असं सांगलीत कुणाला सांगितलं तर तो आधी हसतो. फिजिक्सला लोलक, केमिस्ट्रीला ब्युरेट, बॉटनीला कांद्याची साल. गणिताला काय, पट्टी? पण बी.एस्सी. भाग एकच्या टाइमटेबलवर ते छापलेलं असतं, आणि पोरं खूश होतात. आता डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा उतार, मशीन काढणार, आपण फक्त शिफ्ट धरून एंटर दाबायचं. चपला बाहेर काढून लॅबमध्ये पाऊल टाकेपर्यंत हा आनंद टिकतो.

आत मॅक्सिमा नावाचं गणित करणारं सॉफ्टवेअर असतं, कारण ते फुकट असतं. तेवढ्यावरून त्याला कमी लेखू नये. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचं ते वंशज. पुढे टेक्सास विद्यापीठातल्या विल्यम शेल्टर यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं आणि १९९८ मध्ये मुक्त परवान्यावर वाटायची परवानगी मिळवली. अर्ध्या शतकाहून जास्त काळ इंटिग्रेशन करत आलेल्या या बुजुर्गापुढे आपला गडी बसतो आणि टाइप करतो, '२एक्स'. बुजुर्ग लाल अक्षरांत खेकसतो. दोन आणि एक्स यांच्यामध्ये चांदणी लागते, म्हणजे शिफ्ट आणि आठ. वहीत ती कुणी काढत नाही, म्हणून इथेही सुचत नाही.

तरी खेकसणारी चूक परवडली. 'एक्स(एक्स+१)' असं लिहा, मॅक्सिमा चकार शब्द काढत नाही. एक्स नावाचं कुठलं तरी फंक्शन असेल, अशी समजूत करून घेतं. त्याचा डेरिव्हेटिव्ह मागा, तर तुमचाच प्रश्न नीट मांडून परत देतं. मॅडमना वाटतं उत्तर आलं, पोराला वाटतं उत्तर आलं, मॅक्सिमाला वाटतं काम झालं.

ई आणि पायचीही तीच गत. त्यांच्या आधी टक्क्याचं चिन्ह हवं: %ई, %पाय. ते विसरून ई-चा-एक्स-घात डिफरन्शिएट केला की उत्तराच्या शेपटीला 'लॉग ई' लोंबतो. गणितानं ते बरोबरच आहे. त्याच्या दृष्टीनं ई हे कुठलंही अक्षर, लॉग ई म्हणजे एक हे त्याला कोण सांगणार? आणि साइन ३० टाकून फ्लोट केलं, म्हणजे दशांशात उत्तर मागितलं, की उणे ०.९८८ येतं. दहावीपासून पाठ असलेला अर्धा गेला कुठे? मशीन कोन मोजायला अंश ओळखत नाही, रेडियन हे दुसरं एकक ओळखतं. ३० गुणिले %पाय भागिले १८० लिहा, अर्धा जागेवर.

पण माझ्या मते लॅबमधली सगळ्यात डांबिस गोष्ट म्हणजे विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं. 'एक्स:५' म्हणजे एक्सला पाच ही किंमत दिली. बरोबरचं चिन्ह लिहिलं तर नुसतं समीकरण होतं, किंमत कुणालाच मिळत नाही. आणि फंक्शन लिहायला टिंबं आणि बरोबर दोन्ही लागतात. आता पहिल्या उदाहरणात एक्सला पाच केलं आणि पाचव्या उदाहरणात एक्सच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह मागितला, की मशीन म्हणतं, चल राशी द्या, हे तर पाच आहे. ओळ पन्नासदा तपासली तरी चूक सापडत नाही, कारण ती त्या ओळीत नसतेच, चार उदाहरणं वर असते. 'किल' लिहून कंसात 'ऑल' लिहा, सगळं पुसलं जातं. लाईट जाऊन आल्यावर उलटा घोळ. सेव्ह केलेली फाइल उघडली की जुनी उत्तरं पडद्यावर दिसतात, पण मशीनच्या डोक्यात त्यातलं काहीच नसतं. सेल मेनूतून सगळे सेल परत चालवावे लागतात.

आणि एक्सचा एन घात इंटिग्रेट करायला सांगितला की मशीन उलट प्रश्न विचारतं: एन हा उणे एक आहे का? इथे अख्खी बॅच अडते. सवय आज्ञा द्यायची, उत्तर द्यायची नाही. पोरं शिफ्ट-एंटर बडवत राहतात, ते वाट बघत राहतं. 'नो' लिहून अर्धविराम द्या, पुढे जातं. प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे: एन उणे एक असेल तर नेहमीच्या सूत्रात भागाकाराखाली शून्य येतं आणि उत्तर लॉगवर जातं. पुस्तकात ही अट सूत्राशेजारी बारीक अक्षरांत असते, म्हणून कुणी वाचत नाही. मशीन ती वाचल्याशिवाय सोडत नाही. शेवटचा सी, म्हणजे इंटिग्रेशनचा स्थिरांक, मात्र ते लिहीत नाही. तो जर्नलमध्ये आपण लिहायचा.

मग येतो एच, म्हणजे उतार काढताना एक्समध्ये मिळवायची चिमुकली वाढ. वर्गात शिकवलेलं असतं की एच शून्याकडे जातो, पण शून्य होत नाही. एक्स-वर्गाचा एक या ठिकाणचा उतार काढायचा, म्हणजे उत्तर दोन. एच ०.१ घेतला की २.१, ०.०१ घेतला की २.०१. हुरूप येतो. दशांशानंतर पंधरा शून्यं आणि मग एक, असा एच घेतला की उतार येतो चक्क शून्य. मशीन दशांश संख्येचे सोळाएक अंकच धरून ठेवतं. एकात एवढं चिमुकलं काही मिळवलं तर बेरीज परत एकच येते, आणि एकातून एक गेला की वर उरतं शून्य. एच दशांशानंतर आठव्या स्थळाच्या आसपास ठेवा, काम होतं. नाहीतर एच अपूर्णांकात द्या. अपूर्णांकाला मॅक्सिमा अंक गाळत नाही.

ही अपूर्णांकाची निष्ठा न्यूटनच्या पद्धतीत, म्हणजे अंदाज पायरीपायरीनं सुधारत समीकरणाचं मूळ काढण्यात, मात्र अंगाशी येते. दोनाचं वर्गमूळ काढायला सुरुवात '१' नं केली, तर ३/२, १७/१२, ५७७/४०८ असं करत पाचव्या पायरीला अंशस्थानी बारा अंकी संख्या येते. '१.०' नं करा: १.५, १.४१६७, १.४१४२. एका टिंबाचा फरक. याच प्रॅक्टिकलमध्ये एक्सचा घन वजा दोन एक्स अधिक दोन हे समीकरण मुद्दाम द्यावं आणि शून्यापासून सुरू करायला सांगावं. शून्यावरून एक, एकावरून शून्य, परत एक. सांगली-मिरज सिटी बससारखं, फेऱ्या हजार, पण गाडी पुण्याला पोचत नाही. उणे दोनपासून निघालं की पहिल्याच पायरीला उणे १.८ आणि लगेच मूळ, उणे १.७६९३.

राहता राहिलं जर्नल. संगणकावर चालवलेल्या कमांड हातानं लिहायच्या, निळ्या पेननं, आणि ग्राफची प्रिंट डिंकानं चिकटवायची. हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, देव जाणे. सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरचं सर्टिफाइड जर्नल हॉस्टेलभर फिरतं. त्यानं ते त्याच्या सीनियरवरून उतरवलेलं. दर पिढीला एक चांदणी आणि दोन अर्धविराम गळतात, उत्तरं मात्र शाबूत राहतात, कारण ती कुणीतरी कधीतरी खरंच काढलेली असतात. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्सटर्नल परीक्षक पानं चाळतात, अक्षराचं कौतुक करतात आणि म्हणतात, "छान. आता हेच, जसंच्या तसं, मशीनवर टाइप करून दाखवा."